‘परिचारिकेचा निष्काळजीपणा’ लिहिण्याआधी निरोप कुठे अडला ते विचारा

गेल्या पावसाळ्यात मी एक बातमी लिहून ठेवली होती. मोबाईलच्या नोंदींमध्ये ती अजून आहे. मथळा होता : ‘परिचारिकेच्या निष्काळजीपणामुळे वृद्धाचा जीव धोक्यात’. वृद्ध म्हणजे आमचे नाना, माझे वडील. ती बातमी मी दिली नाही. का दिली नाही, ते आज लिहितोय. पोस्ट लांब झालीय, पण प्रत्येकाच्या घरातलं कुणी ना कुणी कधी तरी ॲडमिट होतंच. तेव्हा वेळ काढून वाचा.

जुलैचा महिना. वरंध घाट नेहमीप्रमाणे पावसामुळे बंद. त्यामुळे भोरवरून पुण्याला न्यायचा विषयच नव्हता. नानांना दोन दिवस ताप, पोटात दुखत होतं. वय 74, साखरेचा आजार जुना, इन्सुलिन चालू. ॲडमिट केलं. कुठे, ते लिहिणार नाही. सरकारी की खाजगी तेही नाही. कारण मी जे सांगणार आहे ते आपल्याकडे कुठेही घडू शकतं आणि घडतं.

संध्याकाळी डॉक्टर बघून गेले. सकाळी पोटाची सोनोग्राफी करायची, रात्रीपासून उपाशी ठेवायचं, असं ठरलं. रात्री दहाच्या सुमारास डॉक्टरांनी नाईटच्या सिस्टरना फोन करून सांगितलं, ‘सात नंबरचे आजोबा सकाळी उपाशी आहेत, त्यांचं सकाळचं इन्सुलिन देऊ नका.’ सिस्टर म्हणाल्या, ‘हो सर.’ केसपेपर काढून लिहायला घेतलं, आणि दारात हायवेवरच्या मोटारसायकल अपघातातली दोन पोरं आली. एकाचं डोकं फुटलेलं. पेन तिथेच राहिलं.

सकाळी आठला ड्युटी बदलली. रात्रभर उभ्या असलेल्या त्या सिस्टरनी काउंटरपाशी उभ्या उभ्या ओव्हर दिली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, एका पाळीच्या सिस्टर पुढच्या पाळीला वॉर्ड सोपवतात त्याला दवाखान्यात ‘ओव्हर देणं’ म्हणतात. ‘सात नंबर, सोनोग्राफी, उपाशी,’ एवढं सांगितलं. इन्सुलिनचं राहून गेलं. सकाळच्या सिस्टरनी केसपेपर बघितला. त्यावर लिहिलेलं होतं, नाश्त्याआधी इन्सुलिन. त्यांनी ते दिलं. सोनोग्राफीचे डॉक्टर दहाला यायचे होते, त्यांना उशीर झाला. नाना उपाशीच.

साडेदहाला मी बाहेर व्हरांड्यात फोनवर होतो. कुठे तरी दरड आल्याची बातमी होती, तिची खातरजमा चालली होती. आत मावशी फरशी पुसत होत्या. त्यांनी नानांकडे बघितलं आणि सिस्टरना म्हणाल्या, ‘आजोबा घामानं भिजलेत.’ सिस्टर दुसऱ्या पेशंटला सलाईन लावत होत्या. म्हणाल्या, ‘हो मावशी, बघते.’ मावशी दोन कॉट पुसून परत फिरल्या. नाना आता हाकेला ओ देत नव्हते. मावशींनी फडकं टाकलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, ‘सिस्टर, आधी इकडं या! माझ्या सासूला असाच झालेला, तिची साखर उतरलेली!’

सिस्टर धावल्या. बोटाला सुई टोचून साखर बघितली. 38. शिरेतून ग्लुकोज दिलं. पंधरा-वीस मिनिटांनी नानांनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलले, ‘चाय झाला काय?’

मी कॉटच्या पायथ्याशी उभा होतो आणि माझे हात थरथरत होते. अर्ध्या तासाने भीती गेली आणि राग आला. त्या रागात मथळा लिहिला.

*

मग मी पत्रकाराचं काम केलं, म्हणजे सगळ्यांना विचारत सुटलो.

डॉक्टर म्हणाले, ‘मी तर फोन करून स्पष्ट सांगितलं होतं.’ सकाळच्या सिस्टर रडत होत्या, ‘दादा, मी पेपर बघूनच दिलं हो.’ आणि नाईटच्या सिस्टर, ज्यांची ड्युटी संपून त्या घरी गेल्या होत्या, त्या रात्री परत आल्यावर स्वतःहून माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, ‘दादा, सरांनी मला सांगितलं होतं. मी लिहायला घेतलं आणि ते ॲक्सिडेंटचे पेशंट आले. सकाळी सांगताना डोक्यातून गेलं. चूक माझी आहे.’

त्यांनी हे सांगायची काही गरज नव्हती. फोनवरच्या बोलण्याला कुणी साक्षीदार नव्हता.

तिघंही खरं बोलत होते. आणि तरी नानांची साखर 38 झाली होती. त्या रात्री त्या एकट्या सिस्टरकडे 34 पेशंट होते, वर अपघाताचे दोन. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या रुग्णालयात पाच पेशंटमागे एक परिचारिका असा आहे. शिकाऊ विद्यार्थी असलेल्या मोठ्या रुग्णालयात तर तीनमागे एक. आता यात ‘निष्काळजीपणा’ हा शब्द नेमका कुणाच्या नावापुढे लिहायचा? मला ठरवता आलं नाही. म्हणून बातमी राहिली.

*

आपण घाटाची माणसं. एस.टी. घाटात मागे घ्यायची वेळ आली की काय होतं ते सगळ्यांनी बघितलंय. कंडक्टर खाली उतरतो, मागे जाऊन उभा राहतो आणि शिट्टी मारतो. ड्रायव्हर कितीही जुना असो, वीस वर्षं त्या घाटात गाडी चालवलेली असो, शिट्टी थांबली की त्याचा पाय ब्रेकवर जातो. ‘मला शिकवतोस काय?’ असं तो म्हणत नाही. कारण मागची दरी त्याला दिसत नाही, कंडक्टरला दिसते. आणि कंडक्टरही ‘साहेब रागावतील’ म्हणून शिट्टी गिळत नाही.

दवाखान्यात पेशंटच्या जवळ सगळ्यात जास्त वेळ कोण असतं? सिस्टर असते. डॉक्टर राऊंडला पाच मिनिटं येतात, सिस्टर आठ-बारा तास तिथेच असते. पेशंटचा श्वास बदलला, लघवी कमी झाली, तो बडबडायला लागला, हे आधी तिला दिसतं. म्हणजे दरी दिसणारी ती आहे. तिची शिट्टी वाजते का, आणि वाजली तर गाडी थांबते का, एवढाच प्रश्न आहे. नर्सिंगमधला संवाद, टीमवर्क वगैरे शब्द कार्यशाळेच्या फलकावर असतात. माझ्यापुरता त्यांचा अर्थ एवढाच आहे.

*

ओव्हर नीट दिली-घेतली तर काय होऊ शकतं याचं याच महाराष्ट्रातलं उदाहरण देतो. मुंबईचं केईएम. अरुणा शानबाग तिथल्याच परिचारिका. 27 नोव्हेंबर 1973 ला रुग्णालयातल्याच एका वॉर्डबॉयने त्यांच्यावर अमानुष हल्ला केला. त्या पुन्हा शुद्धीच्या जगात आल्या नाहीत. 18 मे 2015 ला त्या गेल्या. मधली जवळजवळ 42 वर्षं केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं.

त्यांच्या इच्छामरणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 7 मार्च 2011 ला निकाल लागला. त्या निकालाची चर्चा आपल्याकडे इच्छामरणाच्या अंगानेच झाली. पण त्यात परिचारिकांबद्दल काय आहे बघा. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या अंगावर एकही बेडसोअर नव्हता. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस चार महिने झोपून आहे त्यांना विचारा, ही किती मोठी गोष्ट आहे. खोलीत माणसं जास्त झाली की त्या त्रासल्यासारखा आवाज करतात, माणसं बाहेर गेली की शांत होतात, भजनं लावली की त्यांना बरं वाटतं, अशा बारीकसारीक गोष्टी स्टाफला ठाऊक होत्या आणि डॉक्टरांच्या अहवालात त्या आल्या. अरुणांच्या वतीने बोलायचा अधिकार कुणाचा, तर केईएमच्या स्टाफचा, असं न्यायालयाने म्हटलं.

42 वर्षं एक सिस्टर नोकरीत राहत नाही. किती जणी निवृत्त झाल्या असतील, किती नव्या आल्या असतील. ज्या मुलींचा 1973 साली जन्मही झाला नव्हता त्यांनी अरुणांना भरवलं, कूस बदलली. म्हणजे ही माहिती एका पाळीतून दुसऱ्या पाळीत, एका पिढीतून दुसऱ्या पिढीत न सांडता गेली. रोज तीनदा, चार दशकं. ममता होतीच. पण नुसत्या ममतेने पाठ शाबूत राहत नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, मगाशी कुठल्या कुशीवर होती ते पुढचीला सांगायचं, हे काम आहे. त्याला शिस्त लागते.

आपण सिस्टरना हार घालतो तो शौर्यासाठी. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री कामा रुग्णालयात अंजली कुलथे यांनी वीस गरोदर बायांना पॅन्ट्रीत लपवलं, गोळीबार चालू असताना एका बाईला प्रसूतीसाठी नेलं. हार घालायलाच हवा. पण अशी रात्र आयुष्यात एकदा येते. बाकीच्या हजारो रात्री सिस्टर जे करते ते म्हणजे बघणं, लिहिणं आणि सांगणं. त्याला हार नाही आणि 12 मेच्या परिचारिका दिनाच्या भाषणातही जागा नाही.

*

आता डॉक्टर-सिस्टर या जोडीकडे येऊ. इथे खरी गाठ आहे.

रात्री दोनला सिस्टरला वाटतं की पेशंट बिघडतोय. डॉक्टर घरी. फोन करावा की नाही? ‘मागच्या वेळी केला तर ओरडले होते. एवढ्यासाठी उठवलंत का म्हणाले होते.’ मग ती वाट बघते. तीन वाजतात, चार वाजतात. सकाळी राऊंडला तेच डॉक्टर विचारतात, ‘मला रात्रीच का नाही कळवलं?’ दोन्हीकडून बोलणी सिस्टरनेच खायची.

एका निवृत्त परिसेविकेशी मी याबद्दल बोललो. त्या म्हणाल्या, ‘आम्हाला इंजेक्शन द्यायला शिकवलं, डॉक्टरांना फोन कसा करायचा ते कुणी शिकवलं नाही.’ मला हे फार पटलं. फोन करायचीही पद्धत असते. समजा एक बाळंतीण आहे. एक फोन असा :

‘सर, ती चार नंबरची पेशंट आहे ना, तिला जरा बरं वाटत नाहीये.’

झोपेतला माणूस म्हणणार, ‘बरं, लक्ष ठेवा.’ फोन ठेवून देणार. दुसरा फोन असा :

‘सर, चार नंबरची बाळंतीण. संध्याकाळी सहाला नॉर्मल डिलिव्हरी झाली, तिसरी खेप आहे. आता नाडी 124, बीपी 86/54, तासाभरात तीन पॅड भिजले. मला रक्तस्राव थांबत नाहीये असं वाटतंय. तुम्ही आत्ता या, तोवर 108 ला सांगून ठेवू का?’

दुसरा फोन ऐकून कुठलाही डॉक्टर चपला शोधायला लागेल. यात चार गोष्टी आहेत : आत्ता काय चाललंय, आधी काय झालं होतं, मला काय वाटतं, आणि मला काय हवंय. जगभर नर्सिंगमध्ये याला ‘एसबार’ म्हणतात. गंमत म्हणजे ही पद्धत दवाखान्यात जन्मली नाही. ती अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांतून आली. पाणबुडीत खालच्या माणसाला वरच्या अधिकाऱ्याला थोडक्यात आणि न घाबरता सांगता आलं नाही तर सगळेच बुडतात. तिथून कैसर पर्मनन्टे या रुग्णालय-संस्थेतल्या डॉक्टर मायकेल लिओनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उचलली.

माझ्या मते चारातली तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड आहे. ‘मला असं वाटतं.’ आपल्याकडे सिस्टरला वाटायची परवानगीच नाही. तिने आकडे सांगायचे, मत डॉक्टरांचं. वीस वर्षं बाळंतपणं केलेल्या बाईने काल इंटर्नशिप संपवलेल्या मुलाला ‘सर, मला हे ठीक वाटत नाही’ म्हणायचं तर त्याला ‘आगाऊपणा’ म्हणतात. अशा ठिकाणी शिट्टी वाजत नाही.

डॉक्टरांची बाजूही लिहितो. आपल्याकडे एक-दोन डॉक्टरांवर ओपीडी, पोस्टमॉर्टेम, व्हीआयपी दौरा आणि रात्रीची इमर्जन्सी असं सगळं असतं. चिडचिड होणारच. मला त्यांच्या स्वभावात बदल नकोय. नियमात हवाय. नाडी, बीपी, श्वास, साखर यांचा ठरलेला आकडा ओलांडला की सिस्टरने फोन करायचाच, आणि त्या फोनवर ओरडायचं नाही, हे लिहून भिंतीवर लावा. मग फोन करणं हा धीटपणाही राहत नाही आणि आगाऊपणाही. नियम आहे म्हणून केला.

*

दुसरी गोष्ट तोंडी ऑर्डरची. माझ्या धंद्यातलं सांगतो. डिप्लोमा करून मी पत्रकारितेत आलो तेव्हा बातम्या फोनवरून सांगायच्या. डेस्कवरचे एक जुने उपसंपादक आकडा आला की थांबवायचे. ‘सात की साठ? सातावर काही नाही ना?’ मला राग यायचा. पण एकदाही आमचा आकडा चुकीचा छापून आला नाही. आपल्या भाषेत सात आणि साठ फोनवर सारखेच ऐकू येतात, आणि रेंज आपल्या खोऱ्यात कशी असते ते मी सांगायला नको.

वर्तमानपत्रात साताचे साठ झाले तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापता येतो. इन्सुलिनच्या युनिटमध्ये सात आणि साठ यांच्यात माणूस जातो. म्हणून ऐकणाऱ्याने ऑर्डर लिहायची, लिहिलेली परत वाचून दाखवायची आणि सांगणाऱ्याने ‘बरोबर’ म्हणायचं. पंधरा सेकंद लागतात. नानांच्या वेळी डॉक्टरांनी फोनवर ‘लिहिलंत का? वाचा बरं’ एवढं विचारलं असतं तर अपघाताची पोरं दारात यायच्या आत केसपेपरवर काट बसली असती.

आणि ओव्हर कॉटपाशी द्यावी, काउंटरपाशी नाही. दोघी सिस्टर पेशंटसमोर उभ्या राहिल्या असत्या तर नानाच बोलले असते, ‘बाय, आज मी उपाशी हाय, सुई देऊ नको.’ ते तीस वर्षं शुगरचे पेशंट आहेत. त्यांना कळतं. पण त्यांना कुणी विचारलं नाही, आणि सुई देणारी सिस्टर आहे म्हणजे तिला माहीत असणारच, असं म्हणून तेही बोलले नाहीत. मीही तिथे होतो. मीही विचारलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली शस्त्रक्रियेसाठी एक साधी तपासयादी काढली. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून बघितली. मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर आलं. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. त्या यादीत एक ओळ अशी आहे की चाकू लावण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. मला आधी हसू आलं होतं. मग लक्षात आलं, ज्याने एकदा तोंड उघडलंय तो गरज पडली तर दुसऱ्यांदा उघडतो.

*

आता मावशी. नानांचा जीव वाचवणारी बाई कंत्राटी सफाई कामगार होती. तिचं नाव ना केसपेपरवर, ना टीममध्ये. दोनदा सांगावं लागलं तिला. पहिल्या वेळी तिचं कुणी ऐकलं नाही, कारण ती फरशी पुसणारी.

याच महाराष्ट्रात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून उलटा प्रयोग करून दाखवला. गावातल्या, बहुतेक शाळा न पाहिलेल्या बायांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या केलं. गावात कुणाला काय होतंय हे या बाईला डॉक्टरपेक्षा आधी कळतं, म्हणून तिचं ऐकायचं. पुढे देशभर आशाताई आल्या त्या याच वाटेने.

आपल्या भागात तर या साखळीशिवाय पर्यायच नाही. वाडीवरच्या गरोदर बाईचा विचार करा. आधी आशाताईला कळतं. ती उपकेंद्राच्या सिस्टरला सांगते, तिथून प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून गाडी, बिरवाडीवरून महाड, तिथे नाही झालं तर माणगाव, नाही तर अलिबाग. मधे पाच-सहा हात. प्रत्येक हाताने पुढच्या हातात बाई द्यायची आणि तिच्याबरोबर तिची माहितीही द्यायची. बाई पोचते, माहिती वाटेत राहते. ‘रेफर’ लिहिलेली चिठ्ठी असते. रक्तगट काय, बीपी किती होता, शेवटचं इंजेक्शन कधी दिलं, ते नसतं. पुढचा डॉक्टर नातेवाईकांना विचारतो आणि घाबरलेला नवरा म्हणतो, ‘काय तरी सुई दिली.’

निरोप न पोचणं म्हणजे काय, हे आपल्या तालुक्याला कुणी शिकवायला नको. 22 जुलै 2021. महाड पाण्यात, रस्ते तुटलेले, फोन बंद, आणि तळीयेची कोंडाळकरवाडी दरडीखाली. मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. ऐंशीहून जास्त माणसं गेली. तिथे डोंगराने आणि पावसाने रस्ता अडवला होता. वॉर्डात एका कॉटपासून दुसऱ्या कॉटपर्यंतचा रस्ता कुणी अडवलेला नसतो. तिथला निरोप तरी पोचलाच पाहिजे.

*

शेवटी माझ्याबद्दल. ही पोस्ट लिहायला इतके महिने का लागले, त्याचं कारण.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक बातमी दिली होती. गाव, साल लिहीत नाही. बाळंतीण दगावली होती, गावात संताप होता. मी लिहिलं, ‘परिचारिकेच्या हलगर्जीपणाचा बळी’. बातमी गाजली, सिस्टरची बदली झाली, लोकांनी माझी पाठ थोपटली. नंतर कधी तरी त्या केंद्रातल्या एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘तिने गाडीसाठी तीनदा फोन केला होता. वहीत वेळेसकट लिहिलंय.’ मी ती वही बघायला गेलोच नव्हतो. मला मथळा मिळाला होता.

साखळीत शेवटचा हात सिस्टरचा असतो, म्हणून तो आपल्याला दिसतो आणि आपण तोच पकडतो. 6 नोव्हेंबर 2021 ला नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली, 11 कोविड रुग्ण गेले. चौकशी अजून चालू असताना अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकारी बाईंना आणि तीन परिचारिकांना. कोण दोषी, ते कोर्ट ठरवेल. मी फक्त एवढंच विचारतो की वायरिंग आणि अग्निसुरक्षा हे सिस्टरच्या ड्युटीत कधीपासून आलं?

शेवटच्या हाताला शिक्षा होते असं एकदा कळलं की बाकीचे काय शिकतात? चूक लपवायला शिकतात. नाईटच्या त्या सिस्टर माझ्याकडे येऊन ‘चूक माझी’ म्हणाल्या. मी ती बातमी दिली असती तर त्यांना नोटीस आली असती, आणि त्या वॉर्डात पुन्हा कुणी असं खरं बोललं नसतं. त्यांनी सांगितलं म्हणून तर कळलं की गळती फोन आणि केसपेपर यांच्या मधे आहे. आता तिथे तोंडी ऑर्डरसाठी वेगळी वही ठेवलीय, असं मला मध्यंतरी कळलं. माझ्या मथळ्यातून ती वही आली नसती.

म्हणजे चूक झाली तरी कुणाला काही विचारायचंच नाही, असं मी म्हणत नाही. पेशंटला मुद्दाम टाळणारी, पैसे मागणारी, दारू पिऊन ड्युटीवर येणारी माणसं वेगळी. त्यांच्याबद्दल मी लिहीन आणि नावानिशी लिहीन. पण 34 पेशंट सांभाळताना एक वाक्य सांगायचं राहिलेली बाई त्यांच्या रांगेत उभी करायची नाही.

*

मग करायचं काय? मला सुचलं ते लिहितो. जाणकारांनी दुरुस्त करावं.

दवाखान्यांनी : ओव्हर कॉटपाशी, केसपेपर हातात घेऊन. तोंडी ऑर्डर लिहायची आणि वाचून दाखवायची. रात्री डॉक्टरांना कधी उठवायचं त्याचे आकडे भिंतीवर. मावशी, मामा, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, आशाताई यांनी काही सांगितलं तर आधी बघायचं, मग बोलायचं. रेफर चिठ्ठीवर काय दिलं, किती वाजता दिलं, एवढं तरी. यातल्या कशालाही निधी लागत नाही, टेंडर लागत नाही.

सरकारने : रिक्त जागा भरा, आणि कायम भरा. मे 2022 मध्ये राज्यभरच्या परिचारिका संपावर गेल्या होत्या, बाहेरच्या एजन्सीकडून भरती नको म्हणून. तेव्हा आपण ‘पेशंटचे हाल’ एवढंच छापलं. दर सहा महिन्यांनी बदलणाऱ्या माणसांची टीम बनत नाही. घाटात रोज नवा कंडक्टर दिला तर त्याच्या शिट्टीवर ड्रायव्हर भरवसा कसा ठेवेल?

आपण नातेवाईकांनी : घरच्या पेशंटचा आजार, चालू औषधं, कशाची ॲलर्जी आहे ते एका कागदावर लिहून बरोबर ठेवा आणि प्रत्येक पाळीच्या सिस्टरला दाखवा. सुई देताना ‘सिस्टर, ही कशाची?’ असं शांतपणे विचारा. विचारणं म्हणजे अविश्वास नाही. आणि एका पेशंटबरोबर पंधरा माणसं, प्रत्येकाच्या हातात मोबाईल, कुणी तरी पुढाऱ्याला फोन लावतोय, हे बंद करा. त्या गोंधळात सिस्टर ज्या पेशंटचं लिहीत होती त्याचं वाक्य अर्धं राहतं. कदाचित तो तुमचाच माणूस असेल.

आम्ही पत्रकारांनी : मथळ्याच्या आधी वही बघायची. हे मी सगळ्यात आधी स्वतःला सांगतोय.

नाना बरे आहेत. त्या सकाळचं त्यांना काही आठवत नाही. मावशींना मी साडी घेऊन गेलो तर त्या संकोचल्या, घेईनात. म्हणाल्या, ‘दादा, साडी ऱ्हाऊदे. तेवढं सिस्टरना सांगा, मी बोललेलं पयल्या हाकेला ऐकत जा.’

मी सांगितलं. सिस्टर हसल्या आणि म्हणाल्या, ‘सरांनाही सांगा ना, आमचं ऐकायला.’

सांगतोय. म्हणूनच ही पोस्ट.

(कमेंटमध्ये आपले अनुभव जरूर लिहा. चांगलेही लिहा. फक्त कुठल्या सिस्टरचं, डॉक्टरचं, दवाखान्याचं नाव टाकू नका. निरोप कुठे अडला, तेवढं लिहा.)